माका, माले, मला



‘आपली मातृभाषा कोणती?’ हा प्रश्न प्रवेश अर्जावर आपणांस विचारलेला असतो. त्या रकान्यात आपण बहुधा ‘मराठी’ असे लिहिले असेल. मीही आजवर प्रत्येक अर्जावर तेच लिहीत आले आहे. गेल्या नाताळात, आईच्या वाढदिवशी, या उत्तराविषयी मला प्रथमच शंका आली. ती कशी आली, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे. बोलींच्या अभ्यासात येणाऱ्या संज्ञा येथे फारशा भेटणार नाहीत; परंतु त्या संज्ञा ज्या घरांतून उचललेल्या असतात, तशा एका घराची ही हकिकत आहे.

माझे घर नाशिकच्या द्वारका परिसरात आहे. मुंबई–आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता या चौकात एकमेकांना भेटतात. वर उड्डाणपूल, खाली दिवसरात्र न खंडणारी वाहने, आणि कोणत्या तरी गावाचे नाव घेऊन ओरडणारे वाहक. मला मात्र या चौकाचा एक वेगळाच अर्थ आहे. येथून आग्रा रस्त्याने निघाले की मालेगाव आणि पुढे धुळे लागते. तो अहिराणीचा मुलूख. पुणे रस्त्याने निघाले की नेहरूनगरचे बाळ येशू मंदिर मागे टाकून सिन्नर, संगमनेर, पुणे, कोल्हापूर असे करीत मालवणला पोहोचता येते. ते माझ्या आईचे माहेर. पहिल्या रस्त्याने मी पीएच.डी.च्या काळात शेकडो वेळा गेले. हातात ध्वनिमुद्रक, पिशवीत प्रश्नावली. दुसऱ्या रस्त्याने गेले ती केवळ सुटीसाठी, नाताळातल्या नेवऱ्या खाण्यासाठी.

आमचे घर ख्रिस्ती. वडील नगर जिल्ह्यातले, नाशिक रोडच्या सरकारी मुद्रणालयात नोकरीला. त्यांची मराठी देशावरची. आई मालवण तालुक्यातील देवबागची. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधोमध माडांची चिंचोळी पट्टी, असे ते गाव. आई नाशिकला आली तेव्हा तिच्या ओठी फक्त मालवणी होती. मी बोलू लागले तीही मालवणीतच, असे सांगतात. मग बालवाडीत एके दिवशी मी ‘माका पाणी व्हया’ म्हणाले. वर्ग हसला. बाईंनीही हसू दाबले आणि घरी निरोप पाठवला, की मुलीशी ‘शुद्ध’ बोलत जा. त्या संध्याकाळी घरात काय बोलणे झाले, ते मला आठवत नाही. एवढे खरे, की त्यानंतर आई आम्हा मुलांशी मालवणीत बोलली नाही. ‘माका’चे ‘मला’ झाले, ‘खंय’चे ‘कुठे’ झाले. तिने ते इतक्या नेटाने केले, की पुढे आमच्या घरी येणाऱ्या कुणालाही ती कोकणातली आहे, हे बोलण्यावरून कळत नसे.

एकदा मात्र कळले. ‘वस्त्रहरण’ या गंगाराम गवाणकरांच्या मालवणी नाटकाचा प्रयोग आम्ही सर्वांनी मिळून पाहिला. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने मालवणीला महाराष्ट्रभर प्रेक्षक मिळवून दिला. त्या दिवशी प्रत्येक विनोदाला आई प्रेक्षागृहाच्या क्षणभर आधी हसत होती. मी ते पाहिले आणि विसरून गेले. तेव्हा मला भाषेत रस नव्हता. जेव्हा आला, तेव्हा तो आईच्या भाषेत आला नाही.

यथावकाश मी भाषाविज्ञानाकडे वळले. प्रबंधासाठी बोली निवडली ती अहिराणी. ती जवळ होती, तिच्यावर काम करावयास पुष्कळ वाव होता, मार्गदर्शकांची अनुकूलता होती. खेड्यापाड्यांतील ओट्यांवर बसून ‘माले’, ‘तुले’ ही रूपे मी टिपून घेत असे. प्रमाण मराठीत ‘मला’, अहिराणीत ‘माले’, मालवणीत ‘माका’: एकाच नात्याचे हे तीन प्रत्यय पुढे मी वर्गात फळ्यावर शेजारीशेजारी लिहीत आले. तिसरे रूप लिहिताना कधी थांबले नाही. ते मी ग्रंथातून घेतलेले उदाहरण आहे, अशीच माझी समजूत झाली होती.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे द्वारकेला राहू लागली. चार वर्षांपूर्वी तिला विस्मरणाचा त्रास जाणवू लागला. आधी वस्तू हरवू लागल्या, मग नावे. नंतर ती बोलेनाशी झाली. प्रश्न विचारला की माझ्याकडे पाही, ओठ हलवी आणि नजर खिडकीकडे वळवी. आजार वाढत चालला, असे मी धरून चालले. नाशिकचा हिवाळा तिला सोसेना. डिसेंबरात येथे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. निफाडकडे तर द्राक्षबागा वाचविण्यासाठी शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवितात. आईचे सांधे आखडत, बोटे निळसर पडत. डॉक्टर म्हणाले, हिवाळाभर उबदार हवेत ठेवता आले तर पाहा. मामा-मामींनी आनंदाने होकार दिला, आणि गेल्या दिवाळीनंतर आई देवबागला गेली.

पंधरा दिवसांनी मी दूरध्वनी केला तेव्हा मामी म्हणाली, “अगो, ती दिवसभर बोलत असता. आमका झोपाक देणा नाय!” मी समजले, की मामी माझे समाधान करीत आहे.

नाताळाच्या दोन दिवस आधी मी निघाले. द्वारकेहून रात्रीची बस. अंगात स्वेटर, कानाला मफलर, खिडकीच्या काचेवर दव. पहाटे बस फोंडाघाट उतरू लागली तशी मफलर सुटली. कणकवलीला स्वेटर निघाले. मालवणला उतरले तेव्हा पदराने घाम पुसत होते. अंगणात मामाची नातवंडे ख्रिस्तजन्माचा गोठा रचण्यात गढली होती. बांबूचा सांगाडा, माडाच्या झावळ्यांचे छप्पर, मातीची मेंढरे. आणि या सगळ्यावर पसरलेला कापसाचा बर्फ. पंखा सुरू होता म्हणून तो बर्फ उडत होता, आणि एक पोरगे त्यावर समुद्रावरचे गोटे ठेवून तो दाबीत होते. बर्फ यांतील एकाही मुलाने पाहिलेला नव्हता. तो त्यांच्याकडे शुभेच्छापत्रांतून आलेला. खरे म्हणजे उन्हातला नाताळ ही काही नवलाची गोष्ट नाही. १४९७ च्या डिसेंबरात वास्को द गामाची जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून किनाऱ्याकिनाऱ्याने चालली होती. नाताळाचे दिवस होते, म्हणून त्याने त्या किनाऱ्याला ‘नाताल’ असे नाव दिले. आजच्या क्वाझुलू-नाताल प्रांताच्या नावात ते शिल्लक आहे. तेथेही डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा.

तोच शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला. पाव, बटाटा, चावी, बादली, पगार, तुरुंग हे शब्द जसे आले, तसाच ‘नाताळ’. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा अर्थ ‘जन्मासंबंधीचा’ असा आहे. म्हणजे ‘नाताळ’ या शब्दाचा अर्थच वाढदिवस. वर्गात सांगावयास ही व्युत्पत्ती सोयीची आहे, आणि मी ती अनेक वर्षे सांगितली आहे. आमच्या आजोळी मात्र ती शब्दशः पाळली जाते. मामांच्या घरात डिसेंबर-जानेवारीत जन्मलेली पाच माणसे आहेत. पाच वेगवेगळे केक परवडण्याजोगी घरची स्थिती पूर्वी नव्हती. म्हणून आजीने रीत घालून दिली, की सर्वांचे वाढदिवस नाताळाच्या दुसऱ्या दिवशी एकत्र करावयाचे. दोदोल असतोच, नेवऱ्या असतातच, त्यातच भागवावे. ती रीत अजून चालू आहे. फक्त केक आता मालवणच्या बेकरीतून येतो.

त्या पाचांत आईचेही नाव आहे. परंतु आईची जन्मतारीख कोणती, हा आमच्या घरातील जुना वाद. शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या आईवडिलांचीही हीच तारीख असेल. शाळा जूनमध्ये सुरू होई, मुलाचे वय नियमात बसावे लागे, आणि घरच्यांना तारीख सांगता येत नसे. गुरुजी बोटांवर हिशेब करीत आणि १ जून लिहून मोकळे होत. चर्चच्या नोंदवहीत ६ जानेवारी आहे, पण ती बाप्तिस्म्याची तारीख. आजी म्हणे, नाताळाच्या तोंडावर झाली. नाशिकच्या कागदोपत्री आम्ही १ जून चालवला. केकवर तिचे नाव मात्र नेहमी डिसेंबरातच आले.

मी अंगणात पाऊल ठेवले तेव्हा आई ओटीवर खुर्चीत बसली होती. सांध्यांची सूज उतरलेली, चेहऱ्यावर ऊन. माझ्याकडे पाहून तिने विचारले, “तू खंयची गो?”

मी गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, “आई, मी आले आहे. नाशिकहून. मला ओळखलं नाहीस?”

ती नुसती पाहत राहिली. मामेबहिणीची मुलगी धावत आली. महाविद्यालयात शिकणारी, घरात मालवणी आणि मैत्रिणींशी प्रमाण मराठी सहज बोलणारी मुलगी. ती म्हणाली, “आजी, ह्यां तुझां चेडू. नाशिकसून इलां.”

आईने मान हलवली. “माझां चेडू असां बोलणा नाय,” ती म्हणाली.

मित्रहो, हे वाक्य समजण्यासाठी मला भाषांतराची गरज नव्हती. माझी मुलगी असे बोलत नाही. तिच्या मनातली मुलगी ‘माका पाणी व्हया’ म्हणणारी होती. त्या मुलीनंतर जी आली, जिने शाळा केली, स्पर्धा जिंकल्या, प्रबंध लिहिला, ती परक्या बोलीत बोलणारी कुणी पाहुणी होती. आणि ज्या बोलीला तिने परके ठरवले, ती बोली तिनेच माझ्या हाती दिलेली होती, स्वतःची मागे ठेवून.

दुसऱ्या दिवशी केक कापला गेला तेव्हा मी बशी पुढे करून विचारले, “आई, तुला केक हवा ना?” उत्तर नाही. भाचीने तीच बशी घेतली. “आजी, तुका केक व्हयो?” आई लगेच म्हणाली, “माका नको. आधी पोरांका दी.” सर्व हसले. मीही हसले, पण जरा उशिराने. नाटकाच्या त्या दिवशी आई इतरांच्या आधी हसत होती, ते मला तेव्हा आठवले.

मग कुणीतरी तिला विचारले, की तुझा जन्म कधीचा. आई बोलू लागली. तासभर बोलत होती. मी मधले कितीतरी शब्द गमावीत होते. भाची माझ्या कानात अर्थ सांगत होती. नाताळ दोन दिवसांवर आला होता. पहाटे गावची रापण लागली आणि जाळ्यात इतका बांगडा आला, की ओढावयास बायकासुद्धा किनाऱ्यावर गेल्या. आजी पोटुशी, घरी एकटी. चुलीवरची पेज उतू गेली, पण उतरवायला कुणी नव्हते. शेजारची म्हातारी आवाज ऐकून धावत आली. आजोबा परतले ते टोपलीभर बांगडा घेऊन, आणि घरात मूल रडत होते. गावात मग कित्येक वर्षे तिला ‘बांगड्याच्या रापणीची’ म्हणत. ही हकिकत मी यापूर्वी कधीच ऐकली नव्हती. आईला ती ठाऊक होती, सांगावयाचीही असेल. पण ती ज्या शब्दांत होती, ते शब्द आमच्या घरात चालत नव्हते. प्रमाण मराठीत तिला विचारले की ती इतकेच म्हणे, “डिसेंबरात कधीतरी.”

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो यांनी १८८१ मध्ये स्मृतीच्या विकारांविषयीच्या ग्रंथात असे मांडले, की स्मृती नष्ट होऊ लागली की अलीकडचे आधी जाते आणि जुने मागाहून. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्या माणसांत, वृद्धपणी उशिरा शिकलेली भाषा मागे पडून बालपणची भाषा उरल्याची उदाहरणे अभ्यासकांनी नोंदविली आहेत. हे मला माहीत होते. मी ते शिकविलेही आहे. तरीही चार वर्षे एका छपराखाली राहून, आई मुकी झालेली नसून तिची दुसरी भाषा ओसरली आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. द्वारकेच्या घरात तिच्या पहिल्या भाषेत तिला प्रश्न विचारणारे कुणी नव्हते, म्हणून ती गप्प होती.

येथे ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाची एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. मालवणकडच्या बोलीची नोंद त्यात ‘कुडाळी’ या नावाने, कोकणीच्या गटात आहे. कोकणीला पुढे १९७५ मध्ये साहित्य अकादमीने स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. मालवणी कोणाची, मराठीची की कोकणीची, हा वाद तेव्हापासून अधिकच रंगतो. मला येथे सांगावयाचे आहे ते निराळे. देशभरातील बोलींची तुलना करता यावी म्हणून सर्वेक्षणात बोलणाऱ्यांना एकच मजकूर आपापल्या बोलीत सांगावयास दिला होता. तो होता बायबलमधील उधळ्या पुत्राचा दृष्टांत. घर सोडून दूर देशी गेलेला मुलगा सर्व गमावून परत येतो आणि बाप त्याला लांबूनच ओळखून मेजवानी मांडतो. त्या खंडातील नमुने मी अनेकदा तपासले. प्रत्यय पाहिले, क्रियापदांची रूपे पाहिली, तक्ते केले. गोष्टीकडे कधी लक्ष गेले नाही. देवबागच्या ओटीवर ते गेले. माझ्या बाबतीत मेजवानी मांडलेली होती. ओळखण्यापुरती भाषा मात्र मी घेऊन आले नव्हते.

दोष कुणाला द्यावा? बालवाडीच्या त्या बाईंना द्यावासा वाटत नाही. त्यांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणे माझे हितच पाहिले. वडिलांनाही नाही. प्रमाण मराठीमुळे मला शिक्षण मिळाले, नोकरी मिळाली, आपणांशी बोलण्याची ही जागा मिळाली. प्रमाण भाषेविरुद्ध माझी तक्रार नाही. ती मिळविण्यासाठी घरची बोली टाकून द्यावी लागते, हे आम्ही न तपासता खरे मानले, एवढीच चूक झाली. माझी भाची दोन्ही बोलते आणि तिचे काही बिघडलेले नाही.

वाढदिवस हा आपला शब्द मला आता निराळा दिसतो. नाताळ या शब्दाची नजर जन्माकडे आहे, वाढदिवस या शब्दाची वाढीकडे. ऐंशी वर्षांच्या, दर महिन्याला काहीतरी विसरणाऱ्या बाईची वाढ ती कसली, असा प्रश्न माझ्या मनात येई. त्या दिवशी तिच्या भोवती चार पिढ्या बसल्या होत्या आणि तिच्या जन्माची हकिकत त्यांतील सर्वांत लहान मुलाला कळली होती. मी कळण्याच्या वाटेवर होते.

आपण मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी आहात. आपल्यापैकी कित्येकजण नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकतात. आपल्या घरात अहिराणी, वऱ्हाडी, झाडीबोली, आगरी, कोकणा, वारली, मालवणी यांपैकी एखादी बोली वावरत असेल, आणि संपर्कसत्राला निघताना आपण ती उंबऱ्याच्या आत ठेवून येत असाल. आपणांस एक काम सुचविते. त्याला गुण नाहीत. घरातील सर्वांत वडील माणसाला त्यांच्या बोलीत विचारा, की तुमचा जन्म कधीचा. तारखेवर समाधान मानू नका; त्या दिवशी काय घडले, हे विचारा. पूर, दुष्काळ, लग्न, जत्रा, मळणी, रापण, जे काही सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि ‘शुद्ध’ करू नका. मी ध्वनिमुद्रक घेऊन शेकडो घरांत गेले, त्याआधी ज्या घरात जावयास हवे होते, तेथे आपण आजच जाऊ शकता.

आई अजून देवबागलाच आहे; तिला आता तेथून हलवू नये, असे आम्ही ठरविले आहे. नाशिकला थंडी पडू लागली आहे. मामीशी मी रोज रात्री दूरध्वनीवर मालवणी बोलते. ती माझ्या चुका काढते, हसते आणि पुन्हा म्हणावयास लावते. वहीत दोनशेच्या वर वाक्ये झाली आहेत. द्वारकेहून पुणे रस्त्याने जाणाऱ्या बसचे २३ डिसेंबरचे तिकीट काढून ठेवले आहे. ओटीवर पोहोचल्यावर म्हणावयाचे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर आहे, आणि ते मामीने तपासून दिले आहे: “आये, मी इलंय.”